खाड्याच्या दुसऱ्या दिवशी

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुण्यातल्या, नाशकातल्या, ठाण्यातल्या कुठल्याही बागेत सकाळी सहाला जा; चालायच्या पट्ट्यावर कोपराला कोपर लागतं. नवे कोरे बूट, नव्या बाटल्या, मनगटावर पावलं मोजणारी घड्याळं. संक्रांतीचा तिळगूळ संपेपर्यंत गर्दी विरळ होते आणि शिवजयंती येईतो बागेत नेहमीची मंडळी तेवढी उरतात. गळालेल्यांना उत्साह कमी होता म्हणावं, तर पहिल्या आठवड्यात तो नेहमीच्या मंडळींपेक्षा जास्तच होता. झालेलं असतं ते अगदी साधं. एक दिवस घरी पाहुणे आले, किंवा मुलाला ताप आला, किंवा रात्री लग्नाहून परतायला उशीर झाला. खाडा पडला. दुसऱ्या दिवशी गजर वाजला तेव्हा वाटलं, काल गेलो नाहीच, आता सोमवारपासून नीट सुरू करू. त्या सोमवारी ना पाहुणे होते ना ताप. तरी तो सोमवार गेला, आणि त्याच्या पुढचाही.

प्रेरणेवरची बहुतेक पुस्तकं आणि भाषणं सुरुवातीबद्दल बोलतात. ध्येय ठरवा, पहाटे उठा, स्वप्नं मोठी पाहा. खरं सांगायचं तर सुरुवात करणं आपल्याला छान जमतं. वर्षातून चार-पाचदा जमतं. अवघड जातं ते खाड्यानंतर परत येणं. बागेतल्या नेहमीच्या मंडळींना विचारा, खाडे त्यांनाही पडतात. ते गावी जातात, आजारी पडतात, चक्क कंटाळाही करतात. पण परत येताना ते त्याचा सोहळा करत नाहीत. ‘काय, दिसला नाहीत?’ ‘नव्हतो चार दिवस.’ एवढ्यावर विषय संपतो आणि चालणं सुरू होतं. व्यायाम असो, अभ्यास असो, रियाज असो की रोजचं पानभर लेखन, मला वाचकांना सुचवायचं आहे ते एवढंच: खाडा पडणारच हे धरून चाला, आणि परत यायची वाट आधीच मोकळी करून ठेवा.

पहिला प्रश्न असा की एका खाड्यानं नुकसान किती होतं? ‘एकवीस दिवस सलग करा, सवय लागते’ हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. त्याचं मूळ शोधत गेलं तर आपण पोचतो मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या ‘सायको-सायबरनेटिक्स’ या पुस्तकापाशी. शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णाला किमान एकवीस दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. तोंडोतोंडी जाताना त्यातला ‘किमान’ गळून पडला आणि चेहऱ्याच्या जागी जगातली प्रत्येक सवय येऊन बसली. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना 12 आठवडे एकेक छोटी सवय लावून घ्यायला सांगितली: दुपारच्या जेवणाबरोबर फळ खायचं, रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं धावायचं, अशा. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. पण ही सरासरी फसवी आहे, कारण कोणाला 18 दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत हिशेब 254 दिवसांपर्यंत गेला (प्रयोग होता 12 आठवड्यांचा, त्यामुळे हा वरचा आकडा अंदाजाने काढलेला). व्यायामासारख्या गोष्टींना फळ खाण्यापेक्षा साहजिकच जास्त वेळ लागला. त्या अभ्यासातलं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते वेगळंच: मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्याच्या वाटचालीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे सुटा खाडा जवळजवळ फुकट असतो. महाग पडतो तो आपण त्याचा लावलेला अर्थ.

हा अर्थ कसा लावला जातो हे उपास करणाऱ्या घरात सांगायची गरज नाही. चतुर्थीच्या दिवशी ऑफिसात विसरून बिस्कीट तोंडात टाकलं जातं. खरं म्हणजे एकच बिस्कीट. पण मग ‘उपास मोडलाच आहे’ म्हणत संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव, तोही दोन. 1975 साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच प्रयोगात पाहिलं. काही जणींना त्यांनी आधी मिल्कशेक प्यायला दिलं आणि नंतर आइस्क्रीमची चव बघायला सांगितली. ज्या एरवी खाण्यावर ताबा ठेवत नसत, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलं होतं. ज्या कटाक्षाने पथ्य पाळणाऱ्या होत्या, त्यांनी उलट जास्त खाल्लं. पथ्य मोडलंच होतं, मग कसला हिशेब! शिस्त जितकी कडक, तितकी ती एका ठेचेनं पुरती कोसळायची शक्यता अधिक. म्हणून ‘एकही दिवस चुकवणार नाही’ ही प्रतिज्ञा दिसायला बाणेदार असली तरी मला ती धोक्याची वाटते.

यावर उपाय आपल्या प्रत्येक सरकारी कचेरीत वर्षानुवर्षं चालू आहे. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्याला वर्षाकाठी 8 दिवसांची किरकोळ रजा मिळते. बाबूरावांनी मंगळवारी किरकोळ रजा टाकली म्हणून बुधवारी ते ‘आता माझी नोकरीच गेली’ असं समजून घरी बसत नाहीत. रजा नियमात बसते, मोजलेली असते, अर्ज करून घेतलेली असते आणि वर्ष संपलं की उरलेली बुडते, पुढच्या वर्षात जात नाही. नोकरी चालू राहण्याच्या व्यवस्थेतलाच तो एक भाग आहे. आपल्या व्यायामाला, अभ्यासाला, रियाजाला अशी किरकोळ रजा आपण मंजूर केलेली नसते. म्हणून तिथे प्रत्येक गैरहजेरी म्हणजे थेट बडतर्फी.

मारिसा शरीफ आणि सुझन शू या दोन महिला संशोधकांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात हाच मुद्दा तपासला. एका गटाला आठवड्याचे सातही दिवस काम करायचं उद्दिष्ट दिलं, दुसऱ्याला पाच दिवसांचं, आणि तिसऱ्याला सात दिवसांचंच, पण अडचण आली तर वापरायला दोन दिवसांची सवलत. तिसऱ्या आणि दुसऱ्या गटाचं काम हिशेबाने सारखंच. तरी तिसऱ्या गटातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी उद्दिष्ट गाठलं. बाकी दोन गटांत ते प्रमाण साधारण चौथाईच्या आसपास राहिलं. सवलत हाताशी असली की माणूस ती सहसा उधळत नाही, जपून ठेवतो. आणि वापरली तरी ‘मोडलं’ असं त्याला वाटत नाही.

तेव्हा महिन्याच्या सुरुवातीलाच स्वतःला तीन दिवसांची रजा मंजूर करून टाका. तीनच का? कारण दोन कमी पडतात आणि पाच झाल्या की त्या रजा राहत नाहीत. नोंद मोबाइलमध्ये करण्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर करा. आपल्याकडे त्या चौकोनांत नाहीतरी दुधाचे खाडे, कामाच्या मावशींचे खाडे, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, भिशीचा दिवस असं सगळं पेन्सिलीने लिहिलेलं असतंच. त्यातच कोपऱ्यात काम झालं त्या दिवशी एक टिंब, रजा घेतली त्या दिवशी ‘र’. कोरा चौकोन मात्र राहू द्यायचा नाही. ‘र’ लिहिताना हात जरासा अडखळतो, ‘खरंच आज हवी आहे का?’ असं मनात येतं, आणि कित्येकदा तेवढ्यानेच माणूस चपला घालून बाहेर पडतो. कारण लिहायचं नाही. स्वतःसमोर कारणं द्यायला लागलं की फार चांगली कारणं सुचतात.

मोठे खाडे वेगळे. ते अचानक येत नाहीत, पंचांगात छापून येतात. आपल्या वर्षाची घडणच तशी आहे: जूनमध्ये पाऊस सुरू होतो आणि सकाळचं चालणं बुडतं, श्रावणात उपासतापास आणि सणवार, मग गणपती, कोकणात घर असेल तर आठवडाभर गावी, पाठोपाठ नवरात्र, दिवाळीचे फराळ आणि पाहुणे, तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई, मार्चमध्ये कुणाला वर्षअखेर, कुणाला मुलांच्या परीक्षा, मे महिन्यात पाहुण्यांची पोरं घरात. निर्वेध, सलग असे महिने हाती किती राहतात ते मोजून बघा. त्यात ‘वर्षभर रोज’ असा संकल्प करणं म्हणजे या सगळ्यांशी भांडण मांडणं. त्यापेक्षा वर्षाचं कॅलेंडर समोर घ्या, हे पट्टे आधीच रेघ मारून ठेवा आणि प्रत्येक पट्ट्याच्या शेवटी परतीची तारीख लिहा. अनंत चतुर्दशीनंतरचा दुसरा दिवस. भाऊबीजेनंतरचा दुसरा दिवस. गावाहून आलेल्या गाडीतून उतरल्यावर पहिली सकाळ. गावी जाण्याचं तिकीट काढताना आपण परतीचंही काढतो, तसं. पावसाळ्यासाठी तर वेगळी व्यवस्थाच लागते. इमारतीचे जिने असतील, पार्किंगमधल्या फेऱ्या असतील, घरातले सूर्यनमस्कार असतील. काय ते मे महिन्यातच ठरवा, पहिल्या पावसात भजी तळायला घेतल्यावर नको.

रोजच्या कामाची दोन मापं ठेवावीत असं मी सुचवीन: एक चांगल्या दिवसाचं आणि एक वाईट दिवसाचं. वाईट दिवसाचं माप इतकं लहान हवं की ते करायला लाज वाटावी. माझ्या परिचयातले एक निवृत्त गृहस्थ साठीनंतर पेटी शिकू लागले. गुरुजी आठवड्यातून एकदा यायचे. मधले दिवस पेटी खोक्यात, खोकं माळ्यावर. ती काढायची म्हणजे स्टूल आणायचं, वरचा पंखा बंद करायचा, सुनेला ‘जरा धर गं’ म्हणायचं, धूळ झटकायची. एवढ्यात उत्साहाचा निम्मा भाता रिकामा. मग त्यांनी पेटी दिवाणाच्या कडेला कायमची मांडून ठेवली, वर जुन्या साडीचं आच्छादन. आणि वाईट दिवसाचं माप ठरवलं: आच्छादन काढायचं, भाता सोडायचा, काळी एकच्या षड्जापासून वरच्या षड्जापर्यंत एकदा जायचं आणि एकदा यायचं. मिनिटभराचं काम. सर्दी असो, जावयाची मंडळी आलेली असोत, हे होतंच. बऱ्याचदा सा लागला की बोटं आपसूक पुढच्या पलट्याकडे वळतात आणि अर्धा तास जातो. काही वेळा नाही वळत आणि ते सरळ आच्छादन घालून उठतात. दोन्ही दिवस त्यांच्या लेखी हजेरीचेच. मन लागल्यावर काम सुरू होतं असं आपण समजतो, पण पुष्कळदा उलट घडतं: काम सुरू झाल्यावर काही वेळाने मन येऊन बसतं. त्याच्यासाठी आसन मांडून ठेवणं आपल्या हातात आहे.

तरीही नुसता निर्धार कमी का पडतो, याचं एक बोलकं उदाहरण इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सापडतं. सारा मिल्न, शीना ऑर्बेल आणि पास्कल शीरन यांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एकाला काही विशेष दिलं नाही. दुसऱ्याला व्यायाम न केल्यास हृदयविकाराचा धोका कसा वाढतो, हे सांगणारं पत्रक वाचायला दिलं. तिसऱ्याला तेच पत्रक, शिवाय एक वाक्य लिहायला सांगितलं: पुढच्या आठवड्यात अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक ठिकाणी मी वीस मिनिटं व्यायाम करीन. पहिल्या गटातल्या 38 टक्के मुलांनी व्यायाम केला. पत्रक वाचलेल्यांपैकी 35 टक्क्यांनी. आणि वाक्य लिहिलेल्यांपैकी 91 टक्क्यांनी. पत्रकाने दुसऱ्या गटाची इच्छा वाढली होती, फक्त पाय हलले नव्हते. रोज सकाळी सुविचार पाठवणाऱ्या व्हॉट्सॲप ग्रुपांनी या आकड्यांकडे जरूर पाहावं.

या प्रकाराचा मूळ अभ्यास करणारे पीटर गोलविट्झर त्याला ‘जर-तर’ची योजना म्हणतात. आपल्या घरात घड्याळातल्या वेळेपेक्षा घटना जास्त भरवशाच्या असतात, म्हणून वाक्य घटनेला बांधा. ‘सकाळी वाचीन’ यात काही दम नाही. ‘कुकर गॅसवर चढवला की शिट्ट्या होईतो ओट्यापाशी उभं राहून दोन पानं वाचीन’ यात आहे. ‘लोकलमध्ये अभ्यास करीन’ हे मोघम. ‘डोंबिवलीला चढून उभं राहायला जागा मिळाली की ठाणं येईतो कालच्या पाच व्याख्या मनात म्हणीन’ हे नेमकं, आणि गर्दीत पुस्तक उघडता येणार नाही हेही त्यात धरलेलं आहे. एक वाक्य खाड्यासाठी राखून ठेवा. ‘काल चुकलं असेल, तर आज लहान माप, आणि तेही दुपारच्या आत.’ दुपारच्या आत यासाठी, की रात्री दहाला स्वतःशी केलेले करार फारसे कोणी पाळत नाही. भरपाई म्हणून दुप्पट करायच्या भानगडीत पडू नका. काल चार किलोमीटर बुडाले म्हणून आज आठ चाललात, तर परवाचा खाडा तुम्ही आजच पक्का केलात.

एवढं करूनही काही कामं एकट्याच्या बळावर रेटत नाहीत. त्यांना वाट पाहणारं कोणीतरी लागतं. ‘गीतरामायण’ आठवा. 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत प्रसारित झालं आणि मग वर्षभराहून थोडा अधिक काळ दर आठवड्याला एक नवं गीत, अशी 56 गीतं झाली. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके, दोघेही तेव्हा चित्रपटांच्या कामात आकंठ बुडालेले. पहिल्याच गीताचा कागद फडक्यांकडून गहाळ झाला आणि ऐन वेळी माडगूळकरांना खोलीत बसवून, बाहेरून कडी लावून ते पुन्हा लिहून घेतलं, असा किस्सा सांगितला जातो. त्या दोघांची प्रतिभा आपल्याकडे नाही, हे उघडच. पण एक गोष्ट आपल्याला उसनी घेता येते. दर शुक्रवारी सकाळी घरोघरी लोक रेडिओ लावून बसत, आणि सीताकांत लाड यांच्यासारखे आकाशवाणीतले जाणते पाठीशी उभे असत. आज मूड नाही, हे सांगायचं कोणाला? ‘कधीतरी छप्पन्न गीतं लिहू’ असं ठरलं असतं तर किती लिहून झाली असती कोण जाणे.

तुमच्या कामाची वाट पाहणारं एक माणूस शोधा. दर रविवारी ज्याला लिहिलेली पानं पाठवायची असा मित्र, खाली गेटपाशी सहाला उभी राहणारी शेजारीण, गुरुवारी येणारे गुरुजी. एकच सांभाळा, हे माणूस लेक्चर देणारं नको. ‘मी म्हटलंच होतं’ म्हणणारा सोबती खाड्यानंतर टाळावासा वाटतो, आणि त्याच्याबरोबर कामही टळतं. नवराबायकोने या कामी एकमेकांना नेमू नये, हे अनुभवी वाचकांना सांगायला नको.

सोबतीची आणि विश्रांतीची जोड कशी घालावी हे वारीकडून शिकण्यासारखं आहे. आळंदी ते पंढरपूर हे अडीचशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर लाखो लोक चालतात. त्यात सत्तरीचे लोक असतात, आदल्याच आठवड्यात पेरणी उरकून आलेले असतात. भक्ती तर आहेच, पण तिच्याभोवती व्यवस्था किती चोख आहे पाहा. माउलींची पालखी पुण्यात दोन रात्री मुक्काम करते. मग दिवे घाट चढून सासवड, वाटेतली सगळ्यांत लांब मजल. ती झाली की सासवडला पुन्हा दोन रात्री. म्हणजे सर्वांत अवघड टप्प्याच्या आधीही थांबणं आणि नंतरही थांबणं, तेही कोणी थकलं म्हणून नव्हे, कार्यक्रमपत्रिकेतच. दिवसभरात विसावे ठरलेले. कोण कुठल्या दिंडीत, दिंडी रथापुढे की रथामागे आणि कितवी, हे ठरलेलं. त्यामुळे मागे पडलेल्या माणसाला आपली जागा शोधून परत रांगेत शिरता येतं. संध्याकाळी समाजआरतीला चोपदार चोप उंचावतो, एवढा जनसागर चिडीचूप होतो, हरवल्या-सापडल्याची पुकार होते, कुठल्या दिंडीची तक्रार असेल तर ती ऐकली जाते, आणि मग आरती. दिवसाचा सल दुसऱ्या दिवशी बरोबर घेऊन निघायचं नाही. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांनी आपलं वेळापत्रक या नजरेनं एकदा तपासावं: सर्वांत कठीण विषयाच्या आधी आणि नंतर विसावा ठेवलाय का? बहुतेकांच्या वेळापत्रकात विसावा सगळं संपल्यावर असतो, आणि सगळं कधीच संपत नाही.

इथे एका गोष्टीकडे डोळेझाक करून चालणार नाही. हा सगळा सल्ला ज्याचा वेळ त्याच्या मालकीचा आहे त्यालाच लागू पडतो. पहाटे पाण्याची वेळ गाठणारी, तिघांचे तीन प्रकारचे डबे भरणारी, सासऱ्यांच्या गोळ्या काढून देणारी आणि मग नऊची बस पकडणारी बाई ‘मला योगासनांची प्रेरणाच राहत नाही हो’ असं म्हणते, तेव्हा तिच्यात कमतरता प्रेरणेची नसते. तिला हवी आहेत ती वीस मिनिटं, ज्यात कोणी हाक मारणार नाही. अशा घरात पहिलं काम स्वतःला शिस्त लावण्याचं नाही. घरच्यांशी बोलण्याचं आहे. ‘मला वेळ द्या’ असं म्हणून तो मिळत नाही. ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी सात ते साडेसात मी आतल्या खोलीत असेन, दार लावलेलं असेल, वरण-भाताचा कुकर तुम्ही लावायचा’ असं नेमकं सांगावं लागतं. पहिल्या आठवड्यात दारावर टकटक होईल, ‘मोहरी कुठे आहे?’ म्हणून. दार उघडू नये. मोहरी सापडते.

मोबाइलवरच्या ॲपांचं थोडक्यात. सलग दिवसांची साखळी दाखवणारी ॲपं सुरुवातीला जोर देतात, यात शंका नाही. पण शंभराव्या दिवशी साखळी तुटली आणि आकडा शून्यावर आला की लोक ॲपच काढून टाकतात. शिकलेली भाषा शून्यावर गेलेली नसते, हे त्या क्षणी कोणाच्या लक्षात येत नाही. ड्युओलिंगोसारख्या ॲपने चुकलेला दिवस झाकायची सवलत उगीच दिलेली नाही, त्यांना धंदा चालवायचा आहे. तुम्ही सलग दिवस मोजण्यापेक्षा महिन्यातले एकूण दिवस मोजा. एका खाड्यानं तो आकडा शून्य होत नाही.

कधी कधी मात्र खाडा एका कामापुरता नसतो, सगळ्यातच पडत जातो. आवडीचं गाणं ऐकावंसं वाटत नाही, झोप उडते किंवा उतू जाते, भूक बदलते, माणसं नकोशी होतात, आणि हे दोनेक आठवड्यांहून जास्त टिकतं. अशा वेळी स्वतःला आळशी ठरवून वर आणखी संकल्प लादणं निर्दयपणाचं आहे. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते, मराठीतही बोलता येतं. शिवाय फॅमिली डॉक्टरांना सांगून रक्ताच्या साध्या तपासण्या करून घ्याव्यात. हिमोग्लोबिन कमी असणं, थायरॉइडचा त्रास, शाकाहारी घरांत सर्रास आढळणारी बी-12 ची कमतरता, वाढलेली साखर, यांपैकी कशानंही माणूस गळून जातो आणि बिचारा प्रेरणादायी पुस्तकं वाचत बसतो.

समजा, खाडा दिवसांचा न राहता महिन्यांचा झाला. टायफॉइड झाला, घरात आजारपण निघालं, बदली झाली. मग जिथे सोडलं होतं तिथून सुरू करायला जाऊ नका. धावणाऱ्यांनी चालण्यापासून, अभ्यास करणाऱ्यांनी पाठ असलेल्या धड्यापासून, गाणाऱ्यांनी नुसत्या खर्जापासून सुरुवात करावी. पहिला आठवडा फक्त हजेरीचा. प्रगतीचा हिशेब दुसऱ्या आठवड्यापर्यंत उघडूच नये. आणि मुहूर्त शोधत बसू नये. वर्षाचा, महिन्याचा, आठवड्याचा पहिला दिवस नव्या सुरुवातीला बळ देतो, हे संशोधनातही दिसलं आहे. जिमची हजेरी अशा दिवशी वाढते. पण बुधवारी खाडा पडल्यावर सोमवारची वाट पाहणारा माणूस मधले चार दिवस हकनाक घालवतो, आणि सोमवार हुकला की एक तारखेची, मग पाडव्याची वाट पाहतो. मुहूर्त आढाव्याला वापरा. पाडव्याला बसून गेल्या वर्षाचे चौकोन मोजा, मापं बदला, रजा वाढवा किंवा कमी करा. परत येण्याला गुरुवारची दुपारही चालते.

आणि आढावा घेताना काही खाडे कायमचे ठरवून टाकायलाही हरकत नाही. सात वर्षं जर्मन शिकायची आहे, पण पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या धड्यापुढे गाडी गेलेली नाही, आणि खरं विचाराल तर जर्मनीतल्या त्या नोकरीचा विषयही केव्हाच संपलाय. तरी पुस्तक टेबलावरून हलत नाही आणि रोज नजरेला टोचत राहतं. असं अर्धवट ओझं बाकीच्या कामांचीही उमेद खातं. सोडायचं की नाही याचा निर्णय फक्त चांगल्या दिवशी घ्यावा. झोप झालेली असताना, पोट भरलेलं असताना, नुकताच खाडा पडलेला नसताना. त्या दिवशीही ‘नको’ असंच उत्तर आलं, तर पुस्तक शेजारच्या कॉलेजातल्या मुलीला द्या, गिटार भाच्याला द्या, ट्रेडमिल ओएलएक्सवर टाका. टॉवेल वाळत घालायला नवी जागा तेवढी बघावी लागेल.